रात्रीचे जेवण ही बचत नव्हे

इचलकरंजीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र सहा पानी आहे. त्यातला मुख्य मजकूर तेवढा इथे देते.

"माझे पती यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारे कारागीर, होते. गेल्या वर्षी मालकांनी माग भंगारात विकले. तेव्हापासून ते मिळेल तिथे बदलीवर जातात आणि घरात पूर्वीच्या निम्मे पैसे येतात. मी अर्धा दिवस कांड्या भरायला, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायला, जाते. मुलगी अकरावीत आहे, मुलगा महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे आणि सासूबाई सत्तरीच्या आहेत. यांनी मला न सांगता एका माणसाकडून चाळीस हजार रुपये महिना पाच टक्क्यांनी घेतले होते, ते मला आठ महिन्यांनी कळले. सासूबाई म्हणतात, सगळे घरीच करा, गॅस बंद करून चूल मांडा, परसात भाजी लावा, दिवस निघतील. आमचे रेशनकार्ड प्राधान्य यादीत आहे, पण मी त्या रांगेत उभी राहिलेली यांना आवडत नाही. मुलगी कॉलेज सोडते म्हणते. काटकसरीने खरेच घर तरते का, की मी उगाच जीव आटवते आहे? मी रात्रीचे जेवण सोडले आहे. तेवढीच बचत माझ्या हातात आहे. हल्ली उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते."

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा शेवटच्या तीन वाक्यांपाशी थांबले. तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मी पुढे देतेच आहे, पण त्याआधी एवढे ऐका, की आज रात्री तुम्ही जेवायचे आहे. इतरांचे झाल्यावर भांड्यात उरेल ते नव्हे, तर सर्वांच्या पंक्तीला बसून, मुलांइतकीच भाकरी आणि मुलांइतकेच कालवण तुमच्या ताटात असले पाहिजे. हे मी केवळ मायेपोटी लिहीत नाही. त्यामागे माझ्या घरचा अनुभव आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आई चाळीतल्या खोलीत सात-आठ गिरणी कामगारांची खानावळ चालवत असे. संप लांबला तसे ते गडी एकेक करून आपापल्या गावी निघून गेले, त्यामुळे वडिलांच्या पगाराबरोबर आईची मिळकतही थांबली. कोकणातून आजी एस.टी.ने तांदूळ, कुळीथ आणि आमसुले पाठवी, म्हणून आम्ही भावंडे उपाशी झोपलो नाही. आई मात्र आम्हाला वाढून झाल्यावर "मला भूक नाही" म्हणत असे आणि आम्हाला ते खरे वाटे. त्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. तिच्या औषधपाण्याला जे लागले ते तिने सहा महिने पोटाला चिमटा घेऊन वाचवलेल्या पैशांपेक्षा कितीतरी अधिक होते आणि त्यासाठी घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडावी लागली. मुंबईच्या गिरण्यांचे काम पुढे भिवंडी, मालेगाव आणि तुमच्या इचलकरंजीच्या मागांवर गेले. आज तेच माग भंगारात जाताना तुम्ही पाहता आहात, म्हणून तुमचे पत्र मला परके वाटले नाही. तेव्हा डोळ्यांपुढे येणारी अंधारी अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. तिथे लोहाच्या गोळ्याही मिळतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न घेते, काटकसरीने घर तरते का. तरते, पण व्याज थांबल्यानंतर. चाळीस हजारांवर महिना पाच टक्के म्हणजे दरमहा दोन हजार आणि वर्षाला चोवीस हजार रुपये होतात. आठ महिन्यांत तुमच्या घरातून सोळा हजार रुपये गेले आणि मुद्दल जिथल्या तिथे आहे. सासूबाईंनी आणि तुम्ही मिळून कितीही पापड लाटले, कितीही भाजी पिकवली, तरी महिन्याला दोन हजार रुपये त्यातून सुटणे कठीण आहे. आणि सुटले तरी ते तुमच्या मुलांच्या ताटात न पडता त्या माणसाच्या खिशात पडतील. म्हणून पहिले काम परसात करायचे नसून बँकेत करायचे आहे.

तुमच्याजवळ आईने दिलेल्या दोन पाटल्या आहेत आणि त्या मुलीच्या लग्नासाठी ठेवल्या आहेत, असे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे. त्या पाटल्या राष्ट्रीयीकृत बँकेत तारण ठेवा. सोनेतारण कर्जाला वर्षाला साधारण नऊ ते बारा टक्के व्याज पडते. अगदी बारा टक्के धरले, तरी चाळीस हजारांवर वर्षाचे व्याज चार हजार आठशे होते, म्हणजे महिन्याला चारशे. दोन हजारांच्या जागी चारशे. उरलेले सोळाशे रुपये दर महिन्याला बँकेतल्या मुद्दलापोटी भरत गेलात, तर साधारण दोन वर्षांत पाटल्या परत घरी येतील, आणि तोपर्यंत मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला असेल. मुलीसाठी ठेवलेले सोने मुलीच्याच घराला सावरायला लावले, तर त्यात तिचे काही हिरावले जात नाही.

त्या माणसाचे पैसे फेडताना तुम्ही दोघांनीही जावे, बरोबर एखादा जाणता नातेवाईक असावा, आणि रक्कम पूर्ण पोहोचल्याची तारखेची व सहीची पावती घ्यावी. सही करून दिलेला कोरा धनादेश किंवा मुद्रांक कागद त्याच्याकडे असेल, तर तो त्याच बैठकीत परत घ्यावा. तो आडवे लावू लागला तर घाबरू नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि परवाना असलेल्या सावकारालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी द्यायची असते. बहुतेक वेळा ही कार्यालये आपल्याला ठाऊक आहेत एवढे त्या माणसाला कळले, तरी बोलण्याचा सूर बदलतो.

यानंतर सासूबाईंकडे वळते. त्यांच्यावर तुम्ही पत्रात थोड्या चिडलेल्या आहात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण त्या सांगतात आणि राबावे तुम्हाला लागते. पण त्यांच्या बोलण्यात बरेच काही घेण्यासारखे आहे, फक्त निवडून घ्यायला हवे. निवडण्याची कसोटी मी अशी लावते, की एखादी वस्तू घरी करायला जितके तास लागतात तितक्या तासांत कांड्या भरून जेवढी मजुरी मिळाली असती, त्याहून अधिक पैसे ती वस्तू घरी केल्याने वाचतात का? वर्षाची कांदा-लसूण चटणी घरी करून डंकावर कुटून आणली तर निश्चितच वाचतात. सांडगे, कुरडया आणि शेवया वाचवतात, कारण त्या एकदा उन्हात वाळल्या की पावसाळ्यात भाजी महागते तेव्हा महिनाभर उपयोगी पडतात. साबण घरी करणे किंवा पापड करून दुकानांना पुरवण्यासाठी आधी उधारीने माल भरणे, हे मात्र आज तुमच्या घराला परवडणारे नाही. आणि जे घरी करायचे ठरेल, त्यात सासूबाईंचे हात, मुलांचे हात आणि तुमच्या पतींचेही हात लागले पाहिजेत. बदलीचे काम न मिळालेल्या दिवशी घरी बसलेल्या माणसाने दळण आणणे, धान्य निवडणे, परस खणणे यात कमीपणा नाही. घर स्वावलंबी करायचे म्हणजे तुमचे रात्रीचे चार तास आणखी कामाला जुंपायचे, असा अर्थ कोणी घेत असेल तर त्याला तुम्ही स्पष्ट नकार द्या.

चुलीविषयी माझे मत सासूबाईंहून वेगळे आहे. पत्र्याच्या बंद स्वयंपाकघरात चूल मांडली, तर त्यांच्या सत्तरीतल्या छातीला आणि तुमच्या डोळ्यांना धुराची जी शिक्षा होईल, ती गॅसच्या पैशांपेक्षा महाग पडेल. अंघोळीचे पाणी परसात, उघड्यावर, काटक्या-कुटक्यांवर तापवा, आणि सिलिंडर केवळ स्वयंपाकाला ठेवा. कडधान्य आणि डाळ भिजवूनच शिजवणे, कुकरमध्ये वरण, भात आणि भाजी एकावर एक लावणे, शिट्टी झाल्यावर आच बंद करून वाफेवर राहू देणे, एवढे कटाक्षाने पाळले तरी सिलिंडर आठवडाभर तरी पुढे सरकतो.

परस दहा फूट बाय बारा फुटांचे आहे असे तुम्ही लिहिले आहे. तेवढ्यात पाच माणसांची रोजची भाजी पिकणार नाही, ही अपेक्षा आधी सोडा; पण आठवड्यातले दोन-तीन दिवस भाजीवालीकडे जावे लागणार नाही, एवढे नक्की होईल. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा मृग लागण्याच्या बेतात असेल. कुंपणाशी दोडका आणि घोसाळे, पत्र्यावर चढवायला दुधी, मध्ये थोडी भेंडी आणि गवार लावा. भांडी विसळलेले आणि तांदूळ-डाळ धुतलेले पाणी जिथे जाते तिथे अळू लावा, कारण तुमच्या गावात पाण्याची ओढाताण असते आणि अळू वापरलेल्या पाण्यावरही जोमाने वाढते. मेथी महिन्याभरात काढायला येते. धने रगडून दोन फाकी करून पेरले की कोथिंबीर चांगली उगवते. आणि कोणाकडून तरी शेवग्याची हाताएवढी जाड, तीन-चार फूट लांबीची फांदी मागून आणून कोपऱ्यात पुरा. शेंगा यायला अवधी लागतो, पण पाला काही महिन्यांतच मिळू लागतो, आणि तुमच्यासारख्या रक्त कमी झालेल्या बाईच्या भाकरीबरोबर ती भाजी असायलाच हवी. हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, आठवड्यातून एकदा अंडी किंवा सुकट, यांत कमी पैशांत ताकद आहे, आणि हे पदार्थ करायला सासूबाईंइतके कोणाला जमणार नाही.

रेशनच्या रांगेविषयी तुमच्या पतींना माझा निरोप सांगा. प्राधान्य यादीतल्या कुटुंबाला माणशी पाच किलो, म्हणजे तुम्हा पाच जणांना महिन्याला पंचवीस किलो धान्य मिळते, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते विनामूल्य आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. त्यात कोणाचे उपकार नाहीत. १९८२ च्या त्या वर्षात माझ्या वडिलांनाही हात पसरल्यासारखे वाटत असे, म्हणून ते संध्याकाळी अंधार पडल्यावर वाण्याकडे जात. पण तिथे जे मिळे ते उधारीचे असे. रेशनच्या रांगेतून येताना पिशवी भरलेली असते आणि डोक्यावर कोणाचे देणे नसते, एवढा फरक त्यांनी ध्यानात घ्यावा. मला वाटते, पहिल्या वेळी त्यांनीच जाऊन धान्य आणावे. मुलालाही शाळेतला पोषण आहार खायला सांगा. आठवीपर्यंत तो मिळतो आणि घरून डबा नेला नाही म्हणून त्याला कोणी हसत असेल, तर त्याच्या शिक्षकांशी बोला.

किराण्याच्या उधारीच्या वहीतही व्याज असते, फक्त ते दिसत नाही. उधारीवर घेणारी बाई भाव विचारीत नाही, दुकान बदलीत नाही आणि पावशेराच्या पुड्या घेत राहते. जुनी बाकी महिना पाचशे रुपयांनी फेडण्याचे दुकानदाराशी ठरवा आणि नवीन माल रोखीनेच घ्या, मग तो थोडा का असेना. तुम्ही गल्लीतल्या भिशीत आहात. पुढच्या वर्षीचा तुमचा नंबर फाल्गुन-चैत्रात लागावा असे आत्ताच मागून घ्या. त्या सुमारास शाळू बाजारात येतो. एक क्विंटल ज्वारी एकरकमी घेऊन, चांगली वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली, तर तांदूळ-गव्हाच्या जोडीला तीन-चार महिन्यांची भाकरी घरात राहील.

मुलीला कॉलेज सोडू देऊ नका. मुलींसाठी बारावीपर्यंतचे शिक्षण राज्यात मोफत आहे, आणि २०२४ च्या जुलैमध्ये सरकारने वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले आहे. उत्पन्नाचा दाखला आतापासून काढून ठेवा. ती कॉलेज सोडते म्हणते, कारण घरात काय चालले आहे हे तिला अर्धवट कळते. आणि अर्धवट कळलेल्या संकटाला मूल स्वतःच्या अंगाने उत्तर देऊ पाहते, जसे तुम्ही रात्रीच्या जेवणाने दिले.

यासाठी एक शंभर पानी वही आणा आणि पतींच्या हाती पैसे येतील त्या संध्याकाळी पाचही जण ती वही घेऊन बसा. आलेले पैसे, बँकेचा हप्ता, दुकानाची बाकी, तेल, वीज, बसभाडे, सारे मुलीने लिहावे आणि मोठ्याने वाचावे. पतींनी कर्ज तुमच्यापासून लपवले, याचा राग तुमच्या पत्रात आहे; तो एकदा त्यांच्याजवळ बोलून घ्या, पण मुलांसमोर नव्हे. त्यांनी ते पैसे उधळले नाहीत, घरातच घातले, असे तुम्हीच लिहिता. भीतीने गप्प राहिलेल्या माणसाला वही उघडी असली की बोलणे सोपे जाते. त्या वहीत पहिल्या पानावर, तेल-मिठाच्याही आधी, "रात्रीचे जेवण, पाच माणसे" असे लिहा आणि त्या ओळीतले पाच कुठल्याही महिन्यात चार होऊ देऊ नका.

येत्या सोमवारी पाटल्या, आधारकार्ड आणि पतींना घेऊन बँकेत जा. त्या माणसाकडून पावती हाती आली की मला दोन ओळी अवश्य लिहा. मी वाट पाहते आहे.