जास्वंद रंगवताना थरांची घाई नको
अगं, बेळगाव-खानापूरच्या पावसाळी हवेत जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळायला फार वेळ लागतो. कागदाला हाताची मागची बाजू लावून बघ. गार लागला तर आत अजून ओल आहे. त्यावर दुसरा थर दिलास तर खालचा रंग उठतो, डाग पडतात.

कागद जाड, ३०० जीएसएमचाच (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घे. पहिला थर अगदी फिका, पिवळा-नारिंगी. उजेडाची जागा कोरी सोड, जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. पूर्ण वाळल्यावर ‘क्विनाक्रिडोन रोज’ हा पारदर्शक गुलाबी-लाल रंग दे, पातळ करून, दोन-तीन थरांत. कॅडमियम रेड इथं नको. तो अपारदर्शक, खालचा उजेड झाकून टाकतो. सावलीसाठी काळा वापरू नकोस, त्याच गुलाबी-लालात किंचित अल्ट्रामरीन निळा पुरे. पाकळ्यांच्या शिरा शेवटी: देठाकडे ठळक, कडेकडे विरत गेलेल्या.