वीकेंडला ट्रॅकवर नेण्याच्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत कोणता एलएसडी (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही जोर पोचवणारा गिअरसंच) बसवावा, हेलिकल (तिरक्या दात्यांच्या गिअर्सचा) की प्लेटवाला (क्लच प्लेट्सचा)?

तीच गाडी रोज ऑफिसलाही नेत असाल तर डोळे मिटून हेलिकल घ्या. झिजणाऱ्या प्लेट्स नाहीत, खडखडाट नाही, स्टिअरिंगही फारसं ओढत नाही.

गोम एकच आहे. हेलिकल कमी पकड असलेल्या चाकाच्या टॉर्कच्या (फिरवणाऱ्या जोराच्या) ठरावीक पट टॉर्क दुसऱ्या चाकाला देतो. कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) आतलं चाक हवेत गेलं की तिकडचा टॉर्क जवळजवळ शून्य, आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्यच! मग गाडी साध्या डिफरन्शियलसारखी एकच चाक गरागरा फिरवत बसते. अशा वेळी डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबला तर थोडं भागतं.

चाक वारंवार उचललं जात असेल तर प्लेटवाला, कारण त्यात प्रीलोड असतो, म्हणजे प्लेट्स आधीपासूनच एकमेकींवर दाबलेल्या असतात, त्यामुळे एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला थोडा टॉर्क मिळतो. मात्र प्लेट्स झिजतात, ऑइल लवकर बदलावं लागतं आणि पार्किंगमध्ये वळताना कटकट वाजतं. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गिअरबॉक्सच गेला असं वाटलं होतं.) घ्यायचाच तर वन-वे (फक्त गॅस दिल्यावर लॉक होणारा), फार तर १.५-वे (गॅस सोडल्यावर थोडाच लॉक होणारा). टू-वे अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही तितकाच लॉक होतो, आणि वळणात शिरताना गाडी नाक सरळच ठेवते.