वीस महिन्यांचा मुलगा हाकेला वळत नाही, येणारे शब्दही बंद झालेत. तपासणी करावी की थांबावं?

दाखवा, आणि आताच दाखवा. 'मुलगे उशिराच बोलतात' हे आमच्याही घरी उठताबसता ऐकू यायचं आणि काही मुलं बोलतातही उशिरा. पण तुमचा मुलगा 'दूध', 'गाडी' म्हणायचा आणि आता म्हणत नाही. आलेलं बोलणं गेलं, तर कुठल्याही वयात वाट बघायची नसते.

आधी कान तपासा. दार आपटल्यावर दचकतो, म्हणजे कान ठणठणीत असं नाही. पडद्यामागे पाणी साचलं असेल तर मोठे आवाज कळतात, बोलणं मात्र पुसट होतं. ओएई (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) आणि बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघणारी) या श्रवणाच्या तपासण्या दुखत नाहीत. बेराला मूल शांत झोपलेलं लागतं, म्हणून त्याच्या झोपेचीच वेळ मागून घ्या.

बालरोगतज्ज्ञ बहुधा एम-चॅट ही ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता चाचपणारी प्रश्नावली भरून घेतील. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीचे हे २० हो-नाही प्रश्न. ३ किंवा जास्त गुण आले म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही, पुढे नीट बघायला हवं एवढंच. गुण कमी आले तरी शब्द गेल्याचं ठासून सांगा आणि विकासतज्ज्ञांसाठी, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी बघणाऱ्या डॉक्टरांसाठी, चिठ्ठी मागाच.

विकासतज्ज्ञांची खरी तपासणी खेळासारखी असते. आमच्या लेकीच्या वेळी डॉक्टर जमिनीवरच बसल्या. साबणाचे फुगे उडवले, मग बाटलीचं झाकण घट्ट लावून ती तिच्या हातात दिली आणि गप्प राहिल्या. ती स्वतःच झटते, त्यांचा हात ओढून झाकणावर ठेवते, की डोळ्यांत बघून मागते, हे त्यांना बघायचं होतं. मी मदतीला सरसावले तर मला हातानेच थांबवलं!

परक्या खोलीत मूल घरच्यासारखं वागत नाही. त्यामुळे जेवताना, एकटा खेळताना, हाक मारल्यावर असे छोटे व्हिडिओ काढून न्या. तो शब्द बोलायचा तेव्हाचे जुने व्हिडिओ तर तारखेसकट शोधा. माझ्या मते कुठल्याही वर्णनापेक्षा तेच जास्त उपयोगी पडतात.

अपॉइंटमेंट लांबची मिळाली तर तोवर स्पीच थेरपी सुरू करा, त्यासाठी निदान हातात असावं लागत नाही. मात्र चालणं किंवा हातांचा वापरही मागे पडत असेल, झटके येत असतील, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.