तिच्या दोरीमागचे हात मोज

ताई, आम्ही पेनसिल्वेनियात लँकेस्टर काउंटीत राहतो. मुलगी चार वर्षांची, बाळ आठ महिन्यांचं. शेजारी आमिश कुटुंबाचं शेत आहे, म्हणजे वीज-मोटार टाळून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातलं. त्या बाईला नुकतंच सहावं मूल झालंय. घरात वीज नाही, तरी सोमवारी सकाळी तिची दोरी कपड्यांनी भरलेली असते. माझ्याकडे ड्रायर आहे, पण घड्या न केलेल्या कपड्यांचा ढीग हलत नाही. रात्री रडू येतं. टीव्ही, मोबाइल सगळं बंद करून तिच्यासारखं राहावं म्हणते, तर नवरा हसतो. मी कुठे कमी पडते? आणि बाळंतिणीला भेटायला जाताना काय न्यावं?
– एक आई, लँकेस्टर

तू कमी पडत नाहीस गं. तू एकटी आहेस आणि ती एकटी नाही, एवढाच फरक आहे.

बाळंतपणानंतर आमिश घरात काही आठवडे ‘मॉड’ येऊन राहते. लग्न न झालेली मुलगी, बहुधा नात्यातली किंवा ओळखीतली, ठरलेले पैसे घेऊन चूल, धुणं आणि मोठी मुलं सांभाळते. अंगणापलीकडच्या ‘डॉडी हाउस’मध्ये पुष्कळदा आजी-आजोबा असतात. चर्चच्या एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एकत्र प्रार्थना करणाऱ्या गटात, साधारण 25 ते 35 कुटुंबं, आणि घरात मूल झालं की जेवणाचे डबे आपसूक येतात. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना माहेरी का राहायची, ते आठव. तुझ्या वाट्याला तेही आलेलं नाही.

आता त्या दोरीचं. तिचं मशीन रोलरने पिळणारं, पेट्रोलच्या इंजिनावर किंवा हवेच्या दाबावर चालणारं. टबात गरम पाणी एकदाच भरायचं. आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी त्याच पाण्यात शेतातल्या काळ्या पँटी. मग दुसऱ्या टबात खळबळून पुन्हा पिळायचे. बटणं आत दुमडली नाहीत तर रोलरखाली फुटतात, जाड शिवण अडकते आणि कापड रोलरला गुंडाळलं जातं. लहानांची बोटं ओढली जाण्याची भीती असते, म्हणून त्यांचं काम चिमटे देण्याचं, रोलरपासून लांब. पाणी आणि इंजिन पुन्हा पुन्हा परवडत नाही, म्हणून धुणं एकदा सुरू झालं की संपवावंच लागतं. तुझं मशीन कधीही लावता येतं, म्हणून तुझं धुणं कधीच संपत नाही. आठवड्याचे दोन वार ठरव. त्या दिवशी धुणं, वाळवणं, घड्या आणि कपाट हे सगळं झालं पाहिजे. घड्या उद्यावर गेल्या की ढीग झालाच.

मुलीला कामात घे. आमिश घरात तीन-चार वर्षांचं मूल ताटाशेजारी चमचे मांडतं, जरा मोठं झालं की अंडी गोळा करतं, आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी तान्ह्याला कडेवर घेते. ही कामं आईच्या शेजारी उभं राहून होतात, ‘जा, कर’ म्हणून नाही. तू मोज्यांच्या जोड्या लावण्यापासून सुरुवात कर. पहिले काही आठवडे तिच्यासोबत दुप्पट वेळ लागेल. मुलं काम सोडतात ती बहुतेक वेळा आपण त्यांच्यासमोर त्यांची घडी मोडून पुन्हा घालतो म्हणून. वाकडी घडी वाकडीच राहू दे.

टीव्ही एका झटक्यात काढू नकोस. त्यांचे नियम, म्हणजे ‘ऑर्डनुंग’, सगळ्या डिस्ट्रिक्टने मिळून पाळलेले असतात. शेजारच्या मुलाकडेही टीव्ही-मोबाइल नसतो, बाहेर खेळायला भावंडं असतात. तू एकटीने बंद केलास तर ते तास तुलाच भरावे लागतील. संध्याकाळचा एक तास ठेव, तू स्वयंपाक करतेस तोच, आणि रोज त्याच वेळी बंद कर.

एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून बघ. आमिश मुलांची शाळा आठवीला संपते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली त्यांना ती मोकळीक दिली. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मग घरी असते, आणि मॉड तिथूनच येते. हे तुला तुझ्या मुलीसाठी नको असेल, तर ते हात तुला दुसरीकडून आणावे लागतील. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा दोन तास येणारी बारा-तेरा वर्षांची शेजारची मुलगी पुरते. तिने बाळाला खेळवायचं, तू घरातच काम करायचं. तिच्यावर बाळ एकटं सोडायचं नाही. नवऱ्याला मात्र सांग, हसणं पुरे. रात्रीची भांडी आणि मुलीची आंघोळ रोज त्याची, ‘मदत’ म्हणून नव्हे.

आणि रडू दोन आठवड्यांहून जास्त दिवस येत असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांना सांग. बाळ आठ महिन्यांचं झालं तरी हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.

बाळंतिणीकडे जाताना एका मोठ्या भांड्यात जेवण ने: तूप घातलेला मऊ मुगाचा भात, मिरची अजिबात नको. बॅटरीची खेळणी आणि कार्टूनचे कपडे टाळ. बाळाचा फोटो काढू नकोस, त्यांच्या श्रद्धेत ते बसत नाही. सगळ्यात उपयोगी भेट म्हणजे गाडी. स्वतःची मोटार ते ठेवत नाहीत, पण दुसऱ्याच्या गाडीत बसतात. बाळाला तपासायला न्यायचं असेल तर येते म्हणून सांग, पण लहानांच्या सीट बसवल्याशिवाय कुणाला नेऊ नकोस. शाळा संपलेली, कामाला येऊ शकेल अशी एखादी मोठी मुलगी माहीत आहे का, तेही तिलाच विचार.

फक्त सोमवारी जाऊ नकोस, त्या दिवशी त्या घरात सगळ्यांचे हात ओले असतात. मंगळवारी सकाळी जा.