गल्ल्यातली नाणी घासू नका, आधी कापडासकट फोटो काढा

ताई, पहिलं म्हणजे लिंबू-मीठ बाजूला ठेवा. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या लाकडी गल्ल्याच्या खणाखाली फळी सरकली आणि कापडात बांधलेली चौदा नाणी निघाली, सहा काळी जाड तांब्याची, चार पांढरे रुपये, तीन भोकाचे पैसे आणि एक रामदरबाराचं, असं तुम्ही लिहिलंय आणि विचारलंय की चमकवून विकू का. चमकवू नका. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत जो काळपट-तपकिरी थर बसतो तोच त्या नाण्याला धरून असतो, अक्षरांच्या कडा त्याच थरात टिकलेल्या असतात. मी कॉलेजात असताना मुंबई इलाख्याचं तराजूछाप तांब्याचं नाणं चिंचेने घासलं होतं, नव्या भांड्यासारखं लखलखीत झालं आणि तराजूखालची फारसी अक्षरं होती ती सपाट झाली. ते नाणं आजही माझ्याकडे आहे आणि आजही बघितलं की वाईट वाटतं.

माती फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीत घालतात ते) एक-दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी बदला, मऊ कापडावर टिपून घ्या, पुसू नका. एखाद्यावर फिकट हिरवी पावडर बसलेली दिसली आणि टिपल्यावर परत येत असेल तर ते नाणं लगेच वेगळं ठेवा, तो गंज आतून खात जातो आणि ओल असेल तर भराभर वाढतो. गडद हिरवा, घट्ट, गुळगुळीत थर असेल तर मात्र काळजी नाही.

आता ती सहा काळी. घासायची गरजच नाही, खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च नाण्याच्या अगदी कडेने, जमिनीला समांतर धरा, अक्षरं आपोआप उभी राहतात. एका बाजूला तीन ओळीत श्री / राजा / शिव आणि दुसरीकडे छत्र / पति असं काही दिसलं की ती शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. पूर्ण अक्षरं शोधत बसू नका, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे कुठे नुसता "राजा"चा काना येतो तर कुठे "छ"ची गाठ. छत्र आणि पति यांच्या मधे दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, ही भरपूर सापडते. शिवराई म्हणजे महाराजांच्याच काळातली असं मात्र लगेच धरू नका, राज्याभिषेक १६७४ चा, पण त्यानंतर पेशवाईत आणि पुढेही शिवरायांच्या नावाने ही नाणी पाडली जात होती, म्हणून अक्षरांची वळणं इतकी वेगवेगळी. मला तर यातच जास्त आनंद वाटतो, राजा जाऊन शंभर वर्षं झाली तरी बाजारातला माणूस त्याच्याच नावाचं नाणं मोजत होता.

चार रुपयांसाठी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा लागेल. जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोब्बर एक तोळा, आपल्याकडे औषधं "रुपयाभार" घ्यायचे ते यावरूनच. ०.९१७ चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध. झिजून थोडं कमी भरेल, पण ग्रॅमभर कमी आलं किंवा कडेला सांधल्यासारखी रेघ दिसली तर ओतीव नकली समजा. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, त्याची कड वेगळी, मधून खाच आणि त्या खाचेत नक्षी. आणि मागे वाघ असलेला १९४७ चा रुपया असेल तर तो निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो, चांदी चिकटत नाही. १८६२ साल असलेला रुपया असेल तर भिंग घ्या, टांकसाळीने पुढची बारा वर्षं तारीख १८६२ चीच ठेवली, पण तारखेखाली आणि नक्षीत बारीक ठिपके आहेत त्यावरून अभ्यासक खरं वर्ष लावतात. पंचम जॉर्जचा १९११ चा असेल तर जपा, त्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला आणि १९१२ ला ठसा बदलला. काहीही असो, सोनाराकडे मोडीत देऊ नका, एकदा वितळलं की संपलं.

भोकाचा पैसा १९४३ ते ४७ चा, युद्धात धातू वाचवायला मधे भोक पाडलं, घरोघरी सापडतो. जवळ ठेवा, आजीला दाखवा, तिला त्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळेल.

रामदरबाराचं आणि खाली ईस्ट इंडिया कंपनी, १८१८ असं लिहिलेलं, ते कंपनीचं नाहीच. कंपनीने असलं नाणं कधीच पाडलं नाही, ही देवळाबाहेर विकली जाणारी टोकन आहेत. देवघरात ठेवायला काही हरकत नाही, पण कोणी लाख देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाख देतो म्हणणाऱ्यांचंही तेच. असे लोक आधी "रजिस्ट्रेशन" किंवा "कमिशन"चे पैसे मागतात, रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगो लावतात, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्वतः सांगितलंय की आमचा याच्याशी काही संबंध नाही.

कायद्याचं विचारलंत म्हणून सांगतो, गल्ल्यात मिळालेली नाणी ठेवायला अडचण नाही. जमिनीत किंवा वाड्याच्या भिंतीत पुरलेलं काही सापडलं तर गोष्ट वेगळी, १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचं काहीही कलेक्टरना कळवावं लागतं. आणि तुमचा भाऊ न्यू जर्सीला घेऊन जातो म्हणतोय ना, त्याला नाही म्हणा. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. त्याला फोटो पाठवा.

ठेवताना मऊ प्लॅस्टिकचे स्वस्त अल्बम नकोत, त्यातलं पीव्हीसी प्लॅस्टिक हळूहळू खराब होतं आणि नाण्यावर चिकट हिरवं येतं. मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पाकिटं घ्या. आणि ते कापड टाकू नका हो. त्या कापडासकट, फळी सरकलेल्या खणासकट फोटो काढा, कोणत्या नाण्याला कुठलं चिकटलेलं होतं ते वहीत लिहा, गल्ला विकणाऱ्याला विचारा की कुठल्या गावातून आला. एकत्र ठेवलेली नाणी म्हणजे एका दुकानदाराची शिल्लक आहे, शिवराई आणि भोकाचा पैसा एकाच पुरचुंडीत का होते हे सुट्या नाण्यांवरून कधीच कळणार नाही. वाचता नाही आलं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे, म्युझियम पण आहे, एकदा जाऊन या.

तोपर्यंत दुदांडीची दोन्ही बाजूंची कडेच्या उजेडातली चित्रं आणि रुपयांची वजनं टाका, मी रात्री बघतो.