एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे) पाच आठवडे झाले. खरोखर दमदार संघ कोणते आणि नशिबावर तरलेले कोणते?

तुम्ही विचारलंय की २०२४ च्या हंगामाचे पाच आठवडे संपले, चीफ्स आणि मिनेसोटाचे वायकिंग्ज हे दोनच संघ अजून एकही सामना हरलेले नाहीत, तर हेच दोघं सगळ्यांत भारी समजायचे का? आणि भारतात बसून या वर्षीपासून बघायला लागलेल्या माणसाने नेमकं कुणाकडे लक्ष द्यावं?

आधी निकाल सांगतो, कारणं मग. चीफ्सवर विश्वास ठेवा, वायकिंग्जवर अर्धाच ठेवा, आणि माझ्या मते आजघडीला सगळ्यांत भक्कम संघ या दोघांपैकी एकही नाही, डेट्रॉइट लायन्स आहे. मी राहतो सिनसिनाटीत आणि बेंगल्सचा चाहता आहे. आमचा संघ पाचपैकी चार सामने हरून बसलाय. तेव्हा पुढे कुठे जळफळाट दिसला तर समजून घ्या.

एनएफएलमध्ये नियमित हंगामात एका संघाच्या वाट्याला फक्त १७ सामने येतात. त्यामुळे पाच आठवड्यांनंतरच्या तक्त्यात नशिबाचा हात भरपूर असतो. तो किती, हे बघायचं तर जिंकले-हरले हा रकाना घटकाभर बाजूला ठेवा आणि एकूण गुण केले किती, दिले किती ते बघा. आयपीएलमध्ये आपण नेट रनरेट बघतो तसंच. ह्यूस्टन टेक्सन्स चार जिंकलेत, एक हरलेत. चार विजय कसे? दोन गुणांनी, सहा गुणांनी, चार गुणांनी आणि तीन गुणांनी. शेवटचा तर या रविवारी बफलोविरुद्ध, किकर फेअरबर्नने अगदी अखेरीस ५९ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडून मिळणारे तीन गुण) मारला म्हणून. एकमेव पराभव मात्र वायकिंग्जकडून ३४-७ असा सपाटून. बेरीज करा: टेक्सन्सनी १०२ गुण केलेत आणि ११४ दिलेत. आता आमचे बेंगल्स: १४० केले, १४५ दिले. म्हणजे चार हरलेला संघ गुणांच्या फरकात चार जिंकलेल्या संघाच्या पुढे आहे! आमचे चारही पराभव मिळून अवघे १५ गुणांचे आहेत.

त्यातला ताजा पराभव या रविवारचा, रेव्हन्सविरुद्धचा. मी स्टेडियममध्येच होतो. चौथ्या क्वार्टरमध्ये ३८-२८ असे पुढे असताना शेजारचा गृहस्थ गाडी बाहेर काढायच्या गोष्टी करायला लागला होता. मग रेव्हन्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) लामार जॅक्सनने हातातून निसटलेला स्नॅप (खेळ सुरू करताना मागे दिलेला चेंडू) उचलून, अंगावर आलेल्या आमच्या हबर्डला एका हाताने ढकलून, पळता पळता एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाचा पट्टा, तिथे चेंडू गेला की टचडाउन) लाइकलीला पास दिला. पाठोपाठ आमचा क्वार्टरबॅक जो बरो याचा पास इंटरसेप्ट झाला (समोरच्यांनी झेलला), त्यांचा किकर टकरने ५६ यार्डांवरून बरोबरी साधली आणि सामना ओव्हरटाइममध्ये गेला. तिथे जॅक्सनच्या हातून पुन्हा स्नॅप सुटला आणि या वेळी चेंडू आमच्या प्रॅटने पकडला. रेव्हन्सच्या ३८ यार्डांच्या रेषेवर चेंडू आमच्याकडे, आणि फक्त एक फील्ड गोल हवा. जो बरोने त्या दिवशी पाच टचडाउन पास टाकलेले होते. तरी आमच्या बाकावरून काय निर्णय आला? सलग तीनदा चेंडू घेऊन मध्यातूनच पळा. मिळाले तीन यार्ड. मग ५३ यार्डांची किक. चेंडू धरायला नवखा पंटर (एरवी गुण होत नसले की चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देणारा), त्याच्या हातात तो नीट बसलाच नाही, आणि मॅकफर्सनची किक बाहेर गेली. पुढच्याच डावात त्यांचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) डेरिक हेन्री ५१ यार्ड पळाला. टकरने २४ यार्डांवरून उरलेलं काम केलं. ४१-३८.

पण म्हणून आमचं नशीबच फुटकं म्हणायचं का? मी नाही म्हणणार. तिसऱ्या आठवड्यात वॉशिंग्टनने आमच्याविरुद्ध ३८ गुण केले आणि त्या पूर्ण सामन्यात त्यांना एकदाही पंट करावा लागला नाही. डिफेन्सच्या मधोमध उभा राहणारा डीजे रीडर मार्चमध्ये लायन्सकडे गेला, आणि ती जागा अजून पोकळच आहे. बेंगल्स १-४ (एक जिंकला, चार हरले) दिसतात तितके वाईट नाहीत, पण हा डिफेन्स घेऊन सलग सामने जिंकायचे म्हणजे बरोला दर आठवड्याला चाळीसच्या घरात गुण करावे लागतील.

माझं सगळं म्हणणं याच मुद्द्यावर उभं आहे. हंगामाच्या सुरुवातीला मी गुणतक्ता आणि क्वार्टरबॅकच्या झळकणाऱ्या क्लिप कमी बघतो, आणि स्नॅप झाल्यावर दोन्ही बाजूंचे दांडगे गडी एकमेकांना भिडतात ती जागा जास्त बघतो. ऑफेन्सिव्ह लाइन आणि समोरची डिफेन्सिव्ह लाइन. तिथे कोण कुणाला मागे रेटतंय यावरून डिसेंबरमध्ये काय होणार याचा अंदाज येतो.

सेंट्सचंच बघा. पहिल्या सामन्यात ४७, दुसऱ्यात डॅलसमध्ये जाऊन ४४. दोन आठवड्यांत ९१ गुण! सगळीकडे त्यांच्या नव्या ऑफेन्सचा जयघोष. तिसऱ्या आठवड्यात ईगल्सविरुद्ध सुरुवातीलाच त्यांचा सेंटर एरिक मकॉय दुखापतीने बाहेर गेला. सेंटर म्हणजे चेंडू स्नॅप करणारा आणि समोरचा डिफेन्स कसा उभा आहे ते बघून बाकीच्या चौघांना कुणी कुणाला अडवायचं हे ओरडून सांगणारा माणूस. त्याचं नाव टीव्हीवर क्वचितच ऐकू येतं. तो गेला आणि त्याच संघाने त्या दिवशी १२ गुण केले. नंतर फाल्कन्सकडून २६-२४ असे हरले, आणि गंमत म्हणजे फाल्कन्सच्या ऑफेन्सने त्या सामन्यात एकही टचडाउन केला नव्हता. या सोमवारी चीफ्सनीही हरवलं, वर क्वार्टरबॅक डेरेक कारही जायबंदी झाला. सलग तीन पराभव. मला सेंट्सकडून आता फारशी आशा नाही.

आता चीफ्स. बघायला हा संघ अजिबात देखणा राहिलेला नाही. पॅट्रिक महोम्सचे पाच सामन्यांत सहा टचडाउन पास आणि सहाच इंटरसेप्शन आहेत. दुसऱ्या कुणाचे असते तर एव्हाना पेपरवाल्यांनी सोलून काढलं असतं. पहिल्या सामन्यात रेव्हन्सचा लाइकली एंड झोनमध्ये चेंडू पकडून उतरला तेव्हा वेळ संपलेली होती, पंचांनी टचडाउन दिलाही. रिप्लेत दिसलं की बुटाचं टोक पांढऱ्या रेषेवर पडलंय. तेवढ्या टोकाने चीफ्स वाचले. दुसऱ्या आठवड्यात आमच्याविरुद्ध चौथ्या डाउनला (म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला) १६ यार्ड हवे असताना आमच्या पोराने पास इंटरफिअरन्स (पास झेलणाऱ्याला नियमबाह्य अडवणं) केला आणि किकर बटकरने ५१ यार्डांवरून एका गुणाने सामना नेला. (त्या रात्रीबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.) मग रनिंग बॅक पचेकोचं पायाचं हाड मोडलं, चार्जर्सविरुद्ध रशी राइसचा गुडघा गेला, तोही खुद्द महोम्स येऊन आदळल्यामुळे.

मग विश्वास कशासाठी? मधल्या फळीसाठी. क्रीड हम्फ्री सेंटर, दोन्ही बाजूंना जो थूनी आणि ट्रे स्मिथ. या तिघांच्या तोडीची आतली लाइन सध्या कुणाकडे नसेल. डावा टॅकल (लाइनच्या टोकाचा गडी) मात्र डोकेदुखी आहे. तिथला नवखा पोरगा दुसऱ्याच सामन्यात बसवावा लागला. पलीकडे डिफेन्सिव्ह लाइनमध्ये ख्रिस जोन्स, आणि बाकावर स्पॅग्नुओलोसारखा डिफेन्सचा सूत्रधार. पाच सामन्यांत एकाही संघाला त्यांच्याविरुद्ध २५ च्या वर गुण करता आलेले नाहीत. लागोपाठ तीन सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) आजवर कुणीच जिंकलेले नाहीत. गेले दोन चीफ्सनी जिंकलेत, तिसराही जिंकतील का, ते मला आज सांगता येणार नाही, पण अटीतटीचे सामने काढायची त्यांना सवय आहे आणि ऑफेन्स यापेक्षा वाईट होईल असं वाटत नाही.

वायकिंग्जची गोष्ट जास्त मजेशीर. त्यांनी ड्राफ्टच्या (नवोदितांच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक जेजे मकार्थीचा गुडघा ऑगस्टमध्येच गेला आणि धुरा आली सॅम डार्नल्डकडे. हा २०१८ चा तिसऱ्या क्रमांकाचा पिक. जेट्सने वाया घालवलेला, पँथर्सने सोडलेला, गेल्या वर्षी फोर्टी नायनर्सच्या बाकावर बसलेला. २०१९ मध्ये पेट्रियट्सविरुद्ध ३३-० ने हरताना तो बाकावर बसून ‘मला भुतं दिसतायत’ असं म्हणाला आणि माइक चालू असल्यामुळे ते सगळ्या देशाने ऐकलं. तो माणूस आज पाच सामन्यांत अपराजित आहे. वाईट कशाला वाटेल, मला आनंदच होतो.

पण हे यश मुख्यतः ब्रायन फ्लोरेसच्या डिफेन्सचं आहे. सहा-सात जण लाइनवर उभे करायचे, सगळेच धावून येणार असं भासवायचं, आणि स्नॅप झाला की त्यातले तिघे-चौघे भलतीकडेच मागे सरकायचे. समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू कुठे टाकायचा तेच कळत नाही. ग्रीनार्ड, व्हॅन गिंकल, कॅशमन हे तिघेही याच वर्षी आणलेले, आणि तिघेही लागू पडलेत. रविवारी लंडनमध्ये जेट्सच्या ॲरन रॉजर्ससारख्या मुरलेल्या क्वार्टरबॅकने तीन इंटरसेप्शन दिले. त्यातला एक व्हॅन गिंकलने थेट टचडाउनपर्यंत नेला. मात्र त्याच सामन्यात डार्नल्डचे ३१ पैकी १४ च पास पूर्ण झाले, एकही टचडाउन पास नाही, आणि रनिंग बॅक ॲरन जोन्सही दुखावून बाहेर गेला. त्याच्या आदल्या आठवड्यात पॅकर्सविरुद्ध २८-० अशी आघाडी होती. सामना संपला ३१-२९ वर.

मिनेसोटाचे जुने चाहते म्हणूनच सावध आहेत. २०१६ मध्येही ते असेच ५-० होते. तेव्हाही ऐन तोंडावर क्वार्टरबॅक जखमी झाला होता आणि बाहेरून आणलेला ब्रॅडफर्ड खेळत होता. त्यात दोन्ही टॅकल जायबंदी झाले आणि हंगाम ८-८ वर आटोपला, प्लेऑफही नाही. या वर्षीचे टॅकल, डॅरिसॉ आणि ओनील, धडधाकट आहेत तोवर काळजी नाही. त्यांच्यापैकी एक जरी गेला तरी डार्नल्डला पुन्हा भुतं दिसायला वेळ लागणार नाही.

लायन्स माझ्या यादीत वर का? टँपाकडून २०-१६ असे हरले, ३-१ आहेत (एक आठवडा त्यांना सुट्टी होती), तक्त्यात काही खास दिसत नाहीत. पण सीहॉक्सविरुद्ध जॅरेड गॉफने १८ पास टाकले आणि अठराच्या अठरा पूर्ण झाले. एकही न चुकवता इतके पास एका सामन्यात आजवर कुणी टाकलेले नाहीत. वर एक टचडाउन त्याने स्वतः झेलला. आणि हे सगळं सेंटर रॅगनाउ दुखापतीमुळे खेळत नसताना. सेंट्सचा सेंटर गेला तर घर बसलं, लायन्सचा गेला तर ४२ गुण झाले. सूल आणि डेकर हे टॅकल दोन टोकांना असले की गॉफला खिशात हात घालून उभं राहता येतं. दुसऱ्या बाजूला एडन हचिन्सनचे चार सामन्यांत साडेसहा सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं). हा संघ कधीच सुपर बोल खेळलेला नाही. गेल्या जानेवारीत मध्यंतराला २४-७ ने पुढे असून नायनर्सकडून हरला.

बाकीच्यांचं थोडक्यात. रेव्हन्स पहिले दोन हरले म्हणून त्यांना मोडीत काढू नका. हेन्री आणि जॅक्सन एकाच बॅकफील्डमध्ये (लाइनच्या मागे) म्हणजे अन्याय आहे. बफलो बिल्सना त्यांनी ३५-१० ने लोळवलं, तेही पहिल्याच डावात हेन्रीच्या ८७ यार्डांच्या धावेने सुरुवात करून. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स खरा आहे, आमच्याविरुद्ध त्याचे २३ पैकी २१ पास पूर्ण झाले, पण त्यांच्या डिफेन्सची परीक्षा अजून व्हायचीय. जेट्सनी काल पाचव्या सामन्यानंतरच प्रशिक्षक सालेहना घरी पाठवलं. माझ्या मते घाई. फोर्टी नायनर्स २-३ आहेत, त्यांचा रनिंग बॅक मकॅफ्री एकही सामना खेळलेला नाही, रॅम्स आणि कार्डिनल्स दोघांविरुद्ध हातातली आघाडी घालवली. तरी मी त्यांना इतक्यात सोडणार नाही. २००३ चे पेट्रियट्स पहिलाच सामना बफलोत ३१-० ने हरले होते. शेवटच्या आठवड्यात त्याच बफलोला ३१-० ने हरवून ते पुढे गेले आणि सुपर बोलही जिंकले.

तुम्हाला एकच सामना निवडायचा असेल तर २० ऑक्टोबरचा निवडा: लायन्स मिनेसोटात. तुमच्याकडे रविवारी रात्री साडेदहाला सुरू होईल, सोमवारचं ऑफिस सांभाळून बघता येण्यासारखा. (३ नोव्हेंबरला इकडची घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर हेच सामने तुमच्याकडे साडेअकराला लागतील.) चेंडूवरची नजर काढून हचिन्सन कोणत्या बाजूला उभा आहे ते बघा, आणि समोर ओनील किंवा डॅरिसॉ त्याला एकटाच पेलतोय की मदतीला टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा, एरवी पासही झेलणारा) ठेवावा लागतोय ते बघा. मदत लागायला लागली, तर पास झेलणाऱ्या जेफरसनसोबत धावणारा एक माणूस कमी झाला आणि डार्नल्डचं काम अवघड झालं असं समजा.