लॅट्रोबला स्टीलर्सचा कॅम्प बघायला जाताना: तिकीट, पॅड्सचा दिवस आणि सह्यांची रांग

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिट्सबर्गमध्ये राहणारं कुटुंब, नऊ वर्षांचा मुलगा स्टीलर्स या तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा वेडा, सांगलीहून आलेले आजी-आजोबा ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुक्कामाला. सामन्याची पाच तिकिटं खिशाला जड जातात. तर संघाचा सराव बघता येतो का, कोणत्या दिवशी जावं आणि मुलाला एखादी सही मिळेल का?

बघता येतो. आणि तुम्हाला तो जितका जवळून बघता येतो तितका फार थोड्या शहरांतल्या लोकांना येतो.

एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, ३२ संघ साधारण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कॅम्प, म्हणजे हंगामाआधीचा सराव, सुरू करतात. पूर्वी बहुतेक संघ एखाद्या कॉलेजात मुक्काम ठोकायचे. खेळाडू होस्टेलात, सराव कॉलेजच्या मैदानावर आणि लोक कुंपणाशी. मग संघांनी स्वतःची सरावकेंद्रं बांधली. तिथे जिम, उपचारकक्ष, छप्पर असलेलं मैदान असं सगळं हाताशी असतं. प्रेक्षकांना बसायला जागा तेवढी नसते. व्हायकिंग्जनी २०१७ नंतर मँकेटो सोडलं, बेअर्सनी २०१९ नंतर बर्बोने, पँथर्सनी २०२३ नंतर स्पार्टनबर्ग. ईगल्स २०१२ पर्यंत लीहाय विद्यापीठात असायचे. आता त्यांचा सर्वांसाठी खुला सराव बहुधा एकच, तोही स्टेडियममध्ये आणि तिकीट लावून. स्टीलर्स मात्र १९६०च्या दशकापासून लॅट्रोबच्या सेंट व्हिन्सेंट कॉलेजात येतात. कोविडमुळे २०२० आणि २०२१ चे कॅम्प तेवढे शहरातल्या स्टेडियममध्ये झाले. लॅट्रोब तुमच्यापासून साधारण ४० मैलांवर आहे.

आधी तिकिटाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. प्रवेश फुकट आहे म्हणजे तिकीट लागत नाही असा समज करून घेऊ नका. अलीकडे प्रत्येक दिवसाचं वेगळं, फोनवरचं तिकीट आधी नोंदवावं लागतं. वेळापत्रक संघाच्या संकेतस्थळावर येतं आणि तिकिटंही तिथूनच सुटतात. जूनच्या अखेरीपासून रोज एकदा नजर टाका. शनिवार-रविवार लगेच संपतात. मंगळवार-बुधवार बराच काळ शिल्लक असतात. तान्ह्या बाळालाही तिकीट लागतं का, हे त्या वर्षीच्या नियमांत वाचा आणि शंका असेल तर नोंदवूनच टाका, फुकटच आहे. फुकटचं तिकीट कुणी पाच-दहा डॉलरला विकत असेल तर घेऊ नका. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पुन्हा साइटवर पाहा, ज्यांचा बेत रद्द होतो त्यांच्यापैकी काही जण परत करतात.

तिकीट मिळाल्यावर ते फोनच्या वॉलेटमध्ये घरूनच उतरवून ठेवा. हजारो माणसं एकाच कुरणात जमली की नेटवर्क मान टाकतं आणि फाटकाशी आल्यावर ते चक्र गोल गोल फिरत बसतं. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. बऱ्याच मोबाइल तिकिटांचा बारकोड सतत बदलत असतो, त्यामुळे कालचं चित्र आज चालत नाही. पाचही तिकिटं एकाच्याच फोनमध्ये असतील तर पाचही जणांनी एकत्रच आत जायचं. नाहीतर आजोबा बाहेर आणि तिकीट आत.

आता दिवस कोणता निवडायचा. बहुतेक लोक उत्साहाने पहिल्याच दिवशी जातात आणि निराश होऊन येतात. खेळाडू संघटना आणि लीग यांच्या २०२० च्या करारानुसार सुरुवातीचे दिवस शरीर सरावण्यासाठी राखलेले असतात. त्या दिवसांत पॅड्स (अंगावरचं संरक्षक कवच) नाहीत, हेल्मेट आणि अर्धी चड्डी इतकंच, त्यामुळे धडका नाहीत. खरा खेळ पॅड्स चढल्यावर दिसतो, आणि तो दिवस साधारण पहिला आठवडा सरता सरता येतो. त्यानंतरही रोज पॅड्स नसतात: पूर्ण कॅम्पमध्ये जास्तीत जास्त १६ वेळा, आणि सलग तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. आठवड्यात एक दिवस सुट्टी असते. त्यामुळे वेळापत्रक हातात आलं की पहिले चार-पाच दिवस खोडा, सुट्टीचे दिवस खोडा, सरावसामन्याच्या आदला आणि नंतरचा दिवस खोडा (तेव्हा सराव हलका असतो किंवा दारं बंद असतात). उरलेल्यांतला जुलैअखेरचा किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला कामाचा दिवस घ्या. ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास संघ लॅट्रोबहून निघतो आणि पुढचे सराव लोकांना दिसत नाहीत, म्हणजे ‘आजी-आजोबा जायच्या आधी जाऊ’ असं करत बसलात तर कॅम्पच उठलेला असेल.

कॅम्पमध्ये बहुधा एक संध्याकाळ लॅट्रोबच्या हायस्कूल स्टेडियममध्ये दिव्यांच्या उजेडातही सराव होतो. त्याचं तिकीट वेगळं असतं. बँड, गर्दी, खाण्याच्या गाड्या, एकंदर जत्रेचा माहोल. मुलाला आवडेल, पण खेळ समजून घ्यायचा असेल आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर कॉलेजातला दिवसाचा सरावच बरा.

मैदानाला जुने प्रशिक्षक चक नॉल यांचं नाव आहे. त्यांच्या हाताखाली संघाने चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. बसायला काही बाकांच्या रांगा आणि बाकी गवताचा उतार. उतारावरून दिसतं उत्तम, पण गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तो उतार म्हणजे छोटा गडच. आजी-आजोबांना चढवत नेऊ नका. फाटकाशी असलेल्या कर्मचाऱ्यांना व्हीलचेअर आणि वयस्करांसाठी राखलेली जागा कुठे ते थेट विचारा, ते न कुरकुरता दाखवतात. विचारल्याशिवाय मात्र कुणी आपण होऊन येत नाही. घडीच्या खुर्च्या न्यायच्या असतील तर त्या वर्षीची परवानगी आधी पाहा.

काय बघायचं हे माहीत नसेल तर दोन तास नुसते पळणारे ठिपके दिसतात. कॅम्पमध्ये ९० खेळाडू असतात, हंगामाला ५३ उरतात. ९० जणांना नंबर पुरत नाहीत, म्हणून एकच नंबर दोघांच्या पाठीवर असतो, एक आक्रमणातला, एक बचावातला. संघाच्या साइटवरून यादी छापून न्या आणि जर्सीचा रंग बघून माणूस ओळखा. क्वार्टरबॅकचा, म्हणजे डाव चालवून चेंडू फेकणाऱ्याचा, रंग वेगळा असतो, बऱ्याच संघांत लाल. त्याचा अर्थ याला पाडायचं नाही. बऱ्याच जणांच्या हेल्मेटवर फुगीर, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं आवरण दिसेल. ते धडकेचा जोर कमी करणारं गार्डियन कॅप. २०२२ पासून कॅम्पमध्ये ठरावीक जागांवर खेळणाऱ्यांना ते सक्तीचं आहे, २०२३ मध्ये त्यात चेंडू घेऊन पळणारे रनिंग बॅकही आले.

भोंगा वाजला की सरावाचा एक तुकडा संपतो आणि सगळे दुसरीकडे धावतात. सुरुवातीला ताणाचे व्यायाम, मग आपापल्या जागेची कवायत, मग एकास एक, मग सातास सात आणि शेवटी अकरास अकरा. मोठ्या लाइनमनची (पुढच्या रांगेत भिडणाऱ्यांची) एकास एक झुंज बहुतेक मैदानाच्या कोपऱ्यात चालते आणि सगळे लोक तेव्हा पास झेलणाऱ्यांकडे बघत असतात. आजोबांना कुस्तीची आवड असेल (सांगलीचे म्हणजे असणारच) तर त्यांना त्या कोपऱ्याच्या बाजूला बसवा. पायाची जागा, हाताची पकड, खांदा खाली घालून दिलेला रेटा, सगळं त्यांना न सांगता कळेल. पॅड्सच्या दिवशी रनिंग बॅकने धावून येणाऱ्या बचावातल्या लाइनबॅकरला अडवायचं, ही एक कसरत स्टीलर्सच्या कॅम्पात फार लोकप्रिय आहे. प्रशिक्षक माइक टॉम्लिन यांच्या काळात रुळलेले ‘सेव्हन शॉट्स’ही तसेच होते: गोलरेषेपासून दोन यार्डांवरून सात डाव, आक्रमण विरुद्ध बचाव, चार जिंकेल तो सरस. खेळाडूंना मैदानात समोरासमोर लावून देणाऱ्या ओक्लाहोमा ड्रिलची वाट बघू नका, ती लीगने २०१९ मध्ये बंद केली.

व्हिडिओबद्दल सांभाळा. फोटो चालतात, पण संघाचे डाव सुरू झाल्यावर चित्रीकरण बहुतेक कॅम्पांत मना असतं. प्रतिस्पर्ध्यांना फुकट माहिती नको, इतकं साधं कारण आहे. पोराने उत्साहात थेट प्रक्षेपण लावलं तर कर्मचारी येऊन फोन खाली ठेवायला लावतात, ऐकलं नाही तर बाहेर काढतात.

पिशवीचा नियम आजींना आधीच समजावून सांगा. सामन्यांप्रमाणेच पारदर्शक पिशवी लागते: १२ × ६ × १२ इंचांपर्यंत, किंवा एक गॅलनची झिपवाली फ्रीझर बॅग. त्याखेरीज तळहाताएवढी, ४.५ × ६.५ इंचांची छोटी पर्स चालते. नेहमीची खांद्यावरची पर्स, पाठीवरची सॅक, कापडी पिशवी चालत नाही आणि गाडीपर्यंत परत चालत जावं लागतं. औषधं वेगळी दाखवून तपासून नेता येतात. स्टीलचा डबा आणि स्टीलची बाटली घरी ठेवा. मैदानाजवळ मिळणारं खाणं हॉटडॉग-फ्राइज जातीचं, म्हणजे शाकाहारी माणसाला फ्राइज आणि वर पाणी. म्हणून पोट भरूनच निघा. पेन हिल्सचं वेंकटेश्वराचं देऊळ तुमच्या वाटेच्या बाजूला आहे. सकाळी दर्शन, कँटीनमध्ये खाणं आणि मग लॅट्रोब, असं केलंत तर आजी-आजोबांचाही दिवस सार्थकी लागेल. देवळापासून पुढे पाऊण ते एक तास धरा.

उन्हाला कमी लेखू नका. तापमान ३० च्या आतबाहेर असलं तरी दमटपणा असतो आणि उतारावर सावली जवळजवळ नाही. टोपी, सनस्क्रीन, माणशी दोन बाटल्या पाणी. त्या दिवसांत वादळी पाऊसही येतो. वीज जवळ दिसली की मैदान रिकामं करतात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायची अमेरिकेत सर्वत्र पद्धत आहे. त्या दिवसाचा सराव कधी लवकर होतो, कधी रद्दच होतो, आणि ते संघाच्या सोशल मीडियावर सकाळी कळतं. घरातून निघताना एकदा आणि देवळातून निघताना एकदा पाहा. जमलं तर दोन वेगवेगळ्या दिवसांची तिकिटं घ्या, आणि पहिला दिवस नीट पार पडला तर दुसरी लगेच परत करा. लोक हे विसरतात, आणि मग ‘तिकिटं संपली’ म्हणणाऱ्या दिवशी उतार अर्धा रिकामा असतो.

सहीचं गणित पंढरपुरासारखं समजा: मुखदर्शनाची रांग वेगळी, पददर्शनाची वेगळी. आत आलात म्हणजे सही मिळेल असं नाही. सह्यांसाठी ठरावीक जागा असते, अनेक संघांत ती लहान मुलांपुरती, काही ठिकाणी मनगटपट्टी किंवा सोडतीने. आत आल्याआल्या पहिलं काम ती जागा शोधणं. सराव संपायच्या वीस मिनिटं आधी मुलाला घेऊन तिथे उभे राहा; भोंगा झाल्यावर निघालात तर पाच ओळी पुढे असतील. सोबत नवं, आधी उघडून बघितलेलं पर्मनंट मार्कर हवं. बॉलपेनची सही बॉलवर उमटत नाही आणि काळ्या जर्सीवर काळं मार्कर दिसत नाही, तिथे चंदेरी न्या. बॉल असेल तर एक बाजू पांढरी असलेला. एकच वस्तू पुढे करा. दहा कार्डांचा गठ्ठा घेतलेली मोठी माणसं विकायला आलेली असतात हे खेळाडूंना पक्कं ठाऊक असतं आणि ते त्यांना टाळतात. मुलाने नंबर ओरडू नये, नाव घ्यावं, आणि आडनावापुढे ‘मिस्टर’ लावलं तर बहुतेक जण वळून बघतात. क्वार्टरबॅकच्या मागे लागून वेळ घालवू नका. नवखे आणि लाइनमन निवांत थांबतात, आणि ९० मधला जो आज कुणालाच ठाऊक नाही तो कदाचित पुढच्या वर्षी संघात असेल.

इतर शहरांतल्यांनीही विचारलं आहे म्हणून थोडक्यात. बॉस्टनकडचे लोक सुदैवी: पेट्रिअट्सचे फॉक्सबरोचे खुले सराव वर्षानुवर्षं फुकट आणि तिकिटाविना राहिले आहेत, पहिला येईल त्याला जागा. न्यू जर्सीत जायंट्स आणि जेट्स या दोन्ही संघांचे खुले दिवस मोजके, आधी नोंदणी. बफलो बिल्स रॉचेस्टरजवळच्या सेंट जॉन फिशर विद्यापीठात, चीफ्स सेंट जोसेफच्या मिझूरी वेस्टर्न विद्यापीठात. चीफ्सच्या काही दिवसांना थोडं शुल्क असतं. शिकागोकरांनी बेअर्सचा नाद सोडून एकदा पॅकर्स संघाच्या ग्रीन बेला जावं, गाडीने साडेतीन तास. तिथे लहान मुलं आपापल्या सायकली घेऊन उभी राहतात, खेळाडू त्यातली एक निवडून सरावाच्या मैदानापर्यंत चालवत नेतो आणि सायकलवाला पोरगा त्याचं हेल्मेट धरून शेजारून धावतो. तिथले जुने प्रशिक्षक लोम्बार्डी यांच्या काळापासूनची रीत आहे. सायकल लहान असली तरी चालते. तीनशे पौंडांचा माणूस त्यावर बसला की गंमत वाढते, पण टायरमध्ये हवा भरून न्या.

तुमच्यासाठी शेवटचं: सराव संपल्यावर सगळ्या गाड्या एकदम रूट ३० वर येतात. त्या तासात गावात थांबा. बनाना स्प्लिट १९०४ मध्ये लॅट्रोबमध्येच पहिल्यांदा बनलं असं गाव सांगतं. आजी खातील, अंड्याचं काही नसतं ना एवढं आइस्क्रीमवाल्याला विचारून घ्या.